‘कळवतो’ म्हणणारा एजंट

शाळा-कॉलेजं उघडायच्या सुमाराला सोलापुरात भाड्याच्या घरांची शोधाशोध जोरात सुरू होते. केगावच्या विद्यापीठात प्रवेश घेतलेली मुलं, सिव्हिल हॉस्पिटलात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका, बदलीवर आलेले बँक कर्मचारी, मुलांच्या शिक्षणासाठी बार्शी-अक्कलकोटकडून शहरात येणारी कुटुंबं असे सगळे जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड, सात रस्ता पालथे घालत असतात. त्यातले बरेच जण कधी ना कधी इस्टेट एजंटाच्या दुकानाची पायरी चढतात आणि उतरताना दोनपैकी एक चूक करतात. एजंट तुसडेपणाने बोलला, बसासुद्धा म्हणाला नाही, की आपल्याला कमी लेखलं असं धरून चालतात. किंवा त्याने चहा मागवला, ‘काळजी सोडा, घरचंच काम समजा’ म्हणाला, की भला माणूस आहे म्हणून निर्धास्त होतात. दोन्ही निष्कर्ष कच्चे आहेत. सगळ्यांशी सारखाच खेकसणारा एजंट उद्धट असेल, पण भेदभाव करणारा असेलच असं नाही. आणि तोंडभरून हसणारा एजंट तुमचं आडनाव ऐकून हातातल्या सहा घरांपैकी दोनच दाखवत असेल, तर त्याच्या चहाला काही अर्थ नाही. म्हणून घर शोधणाऱ्याने एजंटाच्या जिभेचा नाद सोडून त्याने किती घरं सांगितली, किती दाखवली, कोणत्या अटी घातल्या याचा हिशेब ठेवावा, असं मला वाटतं.

हे नुसत्या तर्कावर काढलेलं मत नाही. अमेरिकेत १९६८ पासून घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश, वर्ण, धर्म बघायला कायद्याने बंदी आहे. ती पाळली जाते का, हे बघायला तिथलं गृहनिर्माण खातं अधूनमधून देशभर चाचण्या घेत आलं आहे. पद्धत साधी आहे. उत्पन्न, वय, कुटुंब सारखंच सांगणारी दोन माणसं, एक गोरा आणि दुसरा काळा, लॅटिनो किंवा आशियाई, एकाच जाहिरातीसाठी एकाच एजंटाकडे वेगवेगळ्या वेळी पाठवायची. २०१२च्या फेरीत २८ महानगर क्षेत्रांत अशा ८,०००हून अधिक चाचण्या झाल्या. तोंडावर दार लावून घेण्याचे प्रकार तोवर बरेच कमी झाले होते. भेटीची वेळ बहुधा दोघांनाही मिळत होती. तरी घर विकत घ्यायला आलेल्या काळ्या ग्राहकाला त्याच्या गोऱ्या जोडीदाराच्या तुलनेत सुमारे १७ टक्के कमी घरांची माहिती मिळाली आणि जवळपास १८ टक्के कमी घरं दाखवली गेली. भाड्याचं घर मागणाऱ्या काळ्या माणसाला सुमारे ११ टक्के कमी घरं सांगितली गेली. मेख अशी, की ज्याला कमी दाखवलं त्याला हे कळायला काही मार्गच नव्हता. त्याच्याशी तर एजंट नीट बोलला होता.

आपल्याकडेही अशी तपासणी झाली आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, गुरगाव, नोएडा, गाझियाबाद आणि फरिदाबादमध्ये केलेला अभ्यास २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. परिस्थिती सारखीच, नावं तेवढी वेगळी अशी माणसं फोनवर आणि प्रत्यक्ष घरं मागत गेली. उच्चवर्णीय हिंदू नावाला घर मिळण्यात जवळजवळ अडचण आली नाही, दलितांना नकार मिळाले आणि मुसलमानांना त्याहून जास्त मिळाले. ज्यांना होकार मिळाला त्यांच्यातही काहींना भाडं वाढवून सांगितलं गेलं किंवा जास्तीच्या अटी घातल्या गेल्या. पाठोपाठ २०१६ साली सौगतो दत्ता आणि विक्रम पठानिया यांनी दिल्लीतल्याच घरमालकांची ऑनलाइन परीक्षा घेतली. उच्चवर्णीय हिंदू नावाने केलेल्या दर शंभर विचारणांपैकी ३५ विचारणांना उत्तर आलं, मुसलमान नावाने केलेल्यांपैकी २२ विचारणांना. अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत मात्र या पहिल्या पायरीवर तितका स्पष्ट फरक सापडला नाही. हे दोन निकाल एकमेकांना खोडतात असं घाईने म्हणू नये. पहिल्या संदेशाला उत्तर देणं आणि समोर बसलेल्या माणसाला किल्ली देणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे आणि गाळणी त्या अंतरात कुठेही बसवता येते. दिल्लीचे आकडे सोलापूरला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गाळणी कुठे असू शकते, हे त्यांवरून शिकता येतं.

सोलापुरात या गाळणीला आडनावाइतकाच पत्ता आणि भाषाही पुरते. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. गिरण्यांनी आणि विड्यांच्या कारखान्यांनी इथे सगळ्यांना एकत्र आणलं, पण वस्त्या बऱ्याच प्रमाणात वेगळ्या राहिल्या. पूर्व भाग म्हटलं की पद्मशाली, नई जिंदगी म्हटलं की मुसलमान असा हिशेब एजंट विचारण्याआधीच मनात करून टाकतो. सगळ्यात बोलका पत्ता म्हणजे सेटलमेंट. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे काटेरी तारांच्या आत वसाहत होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि तिथली माणसं विमुक्त झाली. कागदोपत्री सुटका होऊन सात दशकं उलटली. पण आधार कार्डावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ वाचून ते कार्ड जरा जास्त वेळ हातात धरणारे लोक अजून आहेत. हेच शहर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांची नावं एका दमात आणि अभिमानाने घेतं. १९३० च्या मार्शल लॉनंतर या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात एकाच दिवशी फाशी झाली. हीच चार आडनावं सांगून चार माणसं आज एका एजंटाकडे टू-बीएचके मागायला गेली, तर चौघांना एकच यादी मिळेल का, हा प्रश्न या चौघांच्या पुतळ्यांसमोरून जाताना मनात यायला हरकत नाही.

ज्यांना वाटतं की ही तक्रार ठरावीक समाजांचीच आहे, त्यांनी मुंबईतलं मुलुंड आठवावं. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या एका इमारतीत एका मराठी महिलेला मराठी लोकांना जागा देत नाही असं सांगून कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, त्याचं चित्रीकरण फिरलं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला. राज्यभर संताप झाला आणि तो योग्यच होता. पण तोच संताप आपल्या शहरात दुसऱ्याला जागा नाकारली जाताना थंड का असतो, याचंही उत्तर द्यायला हवं.

आता प्रत्यक्ष एजंटाकडे जायचं कसं. पहिलं पाऊल सौजन्याचं आहे आणि ते आपल्या बाजूने पडायला हवं. एजंटाचं भांडवल म्हणजे त्याचा वेळ, त्याचं पेट्रोल आणि मालकांशी जपलेला विश्वास. ‘बघू तर काय आहे’ म्हणून रविवार दुपारी पाच घरं पाहायची, आणि मग वॉचमनकडून मालकाचा नंबर काढून परस्पर सौदा करायचा, अशी माणसं एजंटाला रोज भेटतात. त्याच्या तुसडेपणाचा उगम पुष्कळदा तिथे असतो. म्हणून आधी फोन करून वेळ ठरवावी. बजेट, डिपॉझिटची तयारी, राहणारी माणसं किती, नोकरी कुठे, घर कधीपासून हवं, एवढं मोघम न बोलता सांगावं. दहा हजारांची ऐपत असताना ‘पंधरापर्यंत चालेल’ म्हणू नये. दलालीही पहिल्याच भेटीत बोलून घ्यावी. भाड्याच्या घराला साधारण एक महिन्याचं भाडं घेण्याची पद्धत आहे, खरेदीत एक-दोन टक्के. पण ती पद्धत आहे, कायदा नाही. म्हणून किती, कधी आणि कोण देणार हे आधी ठरलेलं बरं. करारावर सही होण्याआधी दलाली देऊ नये आणि मालक भेटल्याशिवाय टोकनची रोकड कोणाच्या हातात ठेवू नये.

या सौजन्याचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तुम्ही तुमच्या गरजा आणि ऐपत स्पष्ट, शक्यतो लेखी सांगितली, की एजंटाकडे नकार द्यायला सबबी कमी उरतात. बजेट बसत नाही, माणसं जास्त आहेत, तारीख जुळत नाही, ही सगळी खरी कारणं असू शकतात. ती आधीच मोकळी केली की उरलेला नकार कशामुळे हे पाहता येतं. म्हणून फोननंतर लगेच व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवाव्यात: ‘नमस्कार, मी अमुक अमुक. तमुक ठिकाणी नोकरीला आहे. आम्ही चौघे. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला वन-बीएचके हवा, भाडं नऊ हजारांपर्यंत, डिपॉझिट तयार आहे, एक तारखेपासून. आत्ता जी घरं रिकामी असतील त्यांची यादी पाठवाल का?’ यात ‘यादी’ हा कळीचा भाग आहे. तोंडी सांगितलेली दोन घरं आणि लेखी आलेली पाच घरं यांत फरक पडतो तो इथेच.

संदेशात पूर्ण नाव लिहावं का? काहींचा सल्ला असतो की आडनाव टाळा, आधी घर बघून घ्या. मला हा सल्ला पटत नाही. भाड्याच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात ओळखपत्र लागतंच, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यावी लागते तिथेही लागतं. शेवटच्या पायरीवर मोडलेला व्यवहार पहिल्या पायरीवर मोडलेल्यापेक्षा महाग पडतो. तोवर टोकन गेलेलं असतं आणि जुन्या मालकाला घर सोडतो म्हणून सांगितलेलं असतं. नाव आधी दिलं की गाळणी असेल तर लवकर दिसते. मात्र नाव सांगणं वेगळं आणि जात-धर्माच्या चौकशीला उत्तर देणं वेगळं. ‘आडनावावरून कळलं नाही, कोणत्या समाजाचे?’ असं विचारलं गेलं तर चिडून उठून येण्याची गरज नाही. ‘मालकांनी हे विचारायला सांगितलंय का? त्यांच्या काय अटी आहेत तेवढं सांगा, बसत असतील तर पुढे जाऊ,’ एवढं शांतपणे म्हणावं. या वाक्याने चेंडू एजंटाकडे जातो. मालकाची खरोखर तशी अट असेल तर ती त्याला उच्चारावी लागते. नसेल तर प्रश्न तिथेच गळतो. एजंटाने मालकाला न विचारता आपणच अंदाज बांधलेला असतो, असंही पुष्कळदा घडू शकतं.

खाण्याच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण पुष्कळदा भेदभाव याच पडद्यामागून होतो. घरात मांसाहार नको, ही मालकाची अट असू शकते. एखाद्या कुटुंबाला स्वयंपाकघरात मटण शिजणं नकोसं वाटतं, वर मालक स्वतः राहत असतील तर जास्तच. ते समजण्यासारखं आहे. ती अट कोणीही पाळू शकतो किंवा नाकारू शकतो. पण जन्म पाळता किंवा सोडता येत नाही, म्हणून ‘अमुक समाज नको’ ही वेगळ्या जातीची गोष्ट आहे. प्रश्न खाण्याचा आहे की आडनावाचा, हे ओळखायची कसोटी सोपी आहे: सगळ्यांना तो विचारला जातो का? सोलापूरच्या मराठा, कोष्टी, पद्मशाली घरांतही मटण-भाकरी होते. त्यांना न विचारता फक्त खाटीक, चांभार किंवा मुसलमान आडनावाच्या माणसालाच ‘शाकाहारी आहात ना?’ विचारलं गेलं, आणि ‘हो, घरात शिजवणार नाही’ म्हटल्यावरही ‘तरी मालक नाही म्हणतील’ असं उत्तर आलं, तर प्रश्न जेवणाचा नव्हता.

भेदभाव ओळखायचा कसा, याचं उत्तरही असंच तुलनेत आहे. एकट्या नकारावरून काही सिद्ध होत नाही. घर खरंच गेलेलं असू शकतं, मालकाला कंपनी भाडेकरू हवा असू शकतो, एजंटाला छोट्या भाड्यात रस नसू शकतो. म्हणून एक वही ठेवावी, किंवा मोबाइलमध्ये टिपण: तारीख, दुकान, किती घरं सांगितली, किती दाखवली, भाडं-डिपॉझिट किती सांगितलं, शेवटी काय म्हणाले. ‘मालकांना विचारून कळवतो’ हे वाक्य ऐकल्यावर दोन दिवसांनी सौम्य संदेश पाठवावा: ‘त्या घराचं काय झालं? नाही म्हणाले असतील तर कारण सांगाल का, म्हणजे मी तसं घर शोधणार नाही.’ घर गेलं म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात तीच जाहिरात, तोच फोटो पुन्हा दिसतो, तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा. दुसऱ्या नावाच्या मित्राने त्याच घरासाठी फोन करून पाहणं ही अमेरिकन तपासणीचीच छोटी आवृत्ती आहे. त्यात कोणाला फसवायचं नसावं. घर रिकामं आहे का आणि भाडं किती, एवढंच विचारावं. मित्राला वेगळं उत्तर मिळालं तर भांडायला लगेच दुकानात जाऊ नये. आधी कायदा कुठवर साथ देतो ते बघावं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की आपल्याकडे खासगी घरांतल्या भेदभावाला सरसकट बंदी करणारा एकच कायदा नाही. पण कायदा अगदी हात झटकतो असंही नाही. संविधानाच्या कलम १५(२) नुसार दुकानात जाण्यापासून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून कोणालाही अडवता येत नाही आणि हे बंधन खासगी व्यक्तीवरही आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या ‘दुकान’ शब्दाची व्याप्ती विचारली गेली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो संकुचित अर्थाने नाही, सेवा देणाऱ्या सर्वांसाठी आहे असा खुलासा केला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच खुलाशाचा आधार घेत शब्दाचा व्यापक अर्थ लावला. दलाली घेऊन सेवा देणाऱ्या एजंटाचं कार्यालय या व्यापक अर्थाबाहेर राहतं असं म्हणणं मला तरी कठीण वाटतं. अस्पृश्यतेच्या कारणावरून भेदभाव असेल, तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अधिक थेट आहे. कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास आडकाठी करणं आणि सेवा नाकारणं, दोन्ही त्याखाली गुन्हे आहेत. आणि पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, उलटं सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांसमोर जातीवरून अपमानित करणं किंवा त्याच्यावर आर्थिक-सामाजिक बहिष्कार घालणं अत्याचार प्रतिबंधक कायद्यात येतं. २०१५च्या दुरुस्तीने बहिष्काराची व्याख्या स्पष्ट झाली. तृतीयपंथी व्यक्तींसाठीचा २०१९चा आणि एचआयव्हीबाधितांसाठीचा २०१७चा कायदा तर घर भाड्याने घेण्याच्या हक्काचा नाव घेऊन उल्लेख करतात. धर्मामुळे घर नाकारलेल्या माणसासाठी असं नेमकं कलम नाही, ही उणीव आहेच.

खरेदीच्या बाबतीत चित्र थोडं बरं आहे. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी आवश्यक आहे. ती न घेता काम केल्यास दिवसाला १०,००० रुपये, एकूण त्या फ्लॅट-प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचा नोंदणी क्रमांक मागून महारेराच्या संकेतस्थळावर तपासणं यात उद्धटपणा काहीच नाही. विकासकाला प्रकल्प नोंदवताना नमुना ‘ब’मध्ये प्रतिज्ञा द्यावी लागते, आणि वाटप करताना कोणत्याही ग्राहकाशी भेदभाव करणार नाही असं त्यात लिहिलेलं असतं. तो कागद प्रकल्पाच्या पानावर असतो, बघून ठेवावा. विकासकाने किंवा त्याच्या एजंटाने आडनावावरून फ्लॅट नाकारला तर तक्रारीला तेवढा तरी लेखी आधार आहे. महारेराची सीमा मात्र लक्षात ठेवा: भाड्याचे व्यवहार तिच्या कक्षेत नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान जागेवरचे किंवा आठपर्यंत फ्लॅटचे छोटे प्रकल्पही सुटतात, आणि शहराभोवती गुंठ्यांनी विकल्या जाणाऱ्या कितीतरी जमिनी तर कोणत्याच नोंदणीत सापडत नाहीत.

तक्रार कुठे करायची? जातीवरून अपमान किंवा बहिष्कार असेल तर पोलीस ठाणं, समाज कल्याणच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय आणि १४५६६ ही अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो; क्रमांक १५१००. दलाली दिल्यावर सेवा दिली नसेल तर ग्राहक आयोग. यातल्या कोणत्याही दारात तुमच्या त्या वहीइतकं उपयोगी दुसरं काही ठरणार नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात ऐकू येणारा: एजंट बिचारा मधला माणूस, घर मालकाचं, आपल्या घरात कोणाला ठेवायचं हे मालकाने ठरवू नये का? मालकाच्या चिंता खऱ्या असतात. भाडेकरू मुदतीनंतर घर सोडेल का, भाडं वेळेवर येईल का, वास्तू नीट ठेवेल का, हे प्रश्न त्याने विचारलेच पाहिजेत. पण यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आडनावात नाही. त्यासाठी डिपॉझिट आहे, जुन्या मालकाकडे चौकशी आहे, पगाराची स्लिप आहे आणि मुख्य म्हणजे नोंदणीकृत करार आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड. नोंदणी न करता नुसत्या स्टॅम्पपेपरवर करार उरकून ‘आपल्यातला’ भाडेकरू हवा असा हट्ट धरणारा मालक आपली सुरक्षितता चुकीच्या ठिकाणी शोधतो. एजंटाबद्दल म्हणायचं तर तो निरोप्याच्या भूमिकेत राहिला तर गोष्ट वेगळी. पण मालकाला न विचारता यादी छाटतो तेव्हा तो मधला उरत नाही. निर्णय त्याचाच झालेला असतो.

दुसरा आक्षेप सोसायटीचा. ‘मालक तयार आहेत हो, पण सोसायटी परवानगी देत नाही.’ या वाक्याला बरीच माणसं हार मानतात, विनाकारण. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. भाड्याने दिलेल्या घरावरचं बिनभोगवटा शुल्कही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. तेव्हा ‘उपविधीतला तो नियम दाखवाल का?’ असं नम्रपणे विचारावं. जाणकार लोक इथे २००५च्या पारशी सोसायटीच्या निकालाचा दाखला देतील; गुजरातमधल्या झोरोस्ट्रियन सहकारी सोसायटीचा सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, हे खरं आहे. पण तो एका समाजाने उघडपणे आपल्यासाठीच काढलेल्या संस्थेचा आणि तिच्या नोंदणीकृत उपविधीचा प्रश्न होता. ज्या सोसायटीच्या उपविधीत असं काहीच नाही, तिच्या सचिवाची तोंडी नापसंती म्हणजे उपविधी नव्हे. आणि फ्लॅट विकत घेत असाल, तर महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारू देत नाही, आणि नाकारल्यास निबंधकांकडे दाद मागता येते.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: एवढं सगळं लिहून-विचारून घर मिळेल का, की असलेली दारंही बंद होतील? धोका आहे. पहिल्याच भेटीत कलमं ऐकवणाऱ्याला कोणी घर देणार नाही, आणि म्हणूनच वर सुचवलेला प्रत्येक प्रश्न सौम्य आणि एजंटाला सोयीचा ठेवला आहे. घराची निकड असेल तर घर आधी घ्यावं, तक्रार नंतर करावी. नोंदी तोवर कुठे जात नाहीत.

राहिली एक गोष्ट, आणि ती एजंटापेक्षा आपल्याबद्दलची आहे. एजंट गाळणी लावतो कारण गिऱ्हाईक ती मागतं. ‘वस्ती कशी आहे?’, ‘शेजारी आपलेच आहेत ना?’, ‘तिकडे जास्त कोण राहतं?’ हे प्रश्न विचारणारे लोक एजंटाला सांगत असतात की हीच माहिती विकाऊ आहे. घर पाहताना पाणी किती दिवसांआड येतं, पार्किंग कुठे, ड्रेनेज तुंबतं का, रात्री रस्त्याला दिवे असतात का, हे विचारावं. आणि कधी आपलंच रिकामं घर एजंटाकडे सोपवायची वेळ आली, तर किल्ली देताना अटी कागदावर द्याव्यात: भाडं, डिपॉझिट, किती माणसं, किती महिन्यांची नोटीस, स्वयंपाकघराबद्दल खरोखर काही असेल तर तेही. खाली एक ओळ लिहावी की या अटी ज्यांना मान्य असतील त्या सगळ्यांना घर दाखवावं, आणि कोणाला नाही म्हटलं तर का म्हटलं ते आपल्याला कळवावं.